जुनं सेसना १७२ घेताय? मालकांची यादी बघून थांबू नका, लॉगबुकं वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनजवळ राहणारे तिघे मित्र मिळून १९७८ चं सेसना १७२ एन घ्यायचं म्हणतायत. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या) साइटवर विमान व्यवस्थित रजिस्टर्ड दिसतंय, एनटीएसबीच्या (विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) डेटाबेसमध्ये एन-नंबर (विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर) टाकला तर काहीच निघालं नाही, विकणारा म्हणतोय 'नो डॅमेज हिस्ट्री' आणि आधीचे मालकही पाचच. तर विमान क्लीन आहे असं धरून चालायचं का? आणि तिघांपैकी एक सिटिझन, एक ग्रीन कार्डवाला, एक एच-१बी वर, तर नावावर कसं करायचं?

मी इकडे ए अँड पी म्हणजे परवानाधारक विमान मेकॅनिक आहे, आयए पण आहे म्हणजे अॅन्युअल इन्स्पेक्शनवर (वार्षिक तपासणीवर) सही करणारा, आणि प्री-बाय म्हणजे विमान घेण्याआधीच्या तपासण्या हे माझं नेहमीचं काम. सरळच सांगतो, तुम्ही जेवढं बघितलंय तेवढ्यावर विमान क्लीन आहे असं म्हणता येत नाही. खराब आहे असंही नाही. अजून त्याच्याबद्दल फारसं काही कळलेलंच नाही एवढाच त्याचा अर्थ.

आधी एनटीएसबीचं बघू कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. हा डेटाबेस १९६२ पासूनचा आहे, म्हणजे तुमच्या विमानाचं अख्खं आयुष्य त्यात बसतं, ते ठीक. पण तिथे प्रामुख्याने 'अॅक्सिडेंट'ची नोंद होते आणि अॅक्सिडेंट कशाला म्हणायचं ते नियमात लिहिलेलं आहे: कोणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, नाहीतर विमानाचं 'सबस्टॅन्शियल डॅमेज' झालं. आता या सबस्टॅन्शियल डॅमेजमधून काय काय वगळलंय ते बघा. बिघाड एकाच इंजिनापुरता असेल तर तो वगळला, वाकलेलं काउलिंग (इंजिनावरचं झाकण) आणि फेअरिंग, पत्र्याला आलेले पोचे, छोटी भोकं, जमिनीवर प्रॉपेलरच्या पात्यांना झालेलं नुकसान, लँडिंग गिअर, चाकं, टायर, फ्लॅप, ब्रेक, विंगटिप, हे सगळं वगळलेलं. म्हणजे एखाद्या शिकाऊ पायलटने विमान नाकावर आपटलं, नोज गिअर मोडला, प्रॉप जमिनीत घुसून वाकला आणि इंजिन फिरता फिरता गपकन थांबलं, तरी माणसं धड बाहेर आली आणि मुख्य सांगाड्याला धक्का नसेल तर एनटीएसबीच्या यादीत हे कधीच दिसणार नाही. नियमाप्रमाणेच दिसणार नाही, कोणी लपवलं म्हणून नाही.

एफएएचा स्वतःचा वेगळा अॅक्सिडेंट-इन्सिडेंट डेटाबेस आहे, तो पण शोधा, असल्या छोट्या गोष्टी कधी कधी तिथे सापडतात. सर्व्हिस डिफिकल्टी रिपोर्ट म्हणून आणखी एक प्रकार आहे, पण खासगी विमानांच्या मेकॅनिकला तो भरायची सक्ती नाही त्यामुळे तिथे काही नसलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि सगळीकडे शोधताना नुसता एन-नंबर टाकू नका. एन-नंबर बदलता येतो, जुना नंबर दुसऱ्याच विमानाला दिलेलाही असतो. विमानाची खरी ओळख म्हणजे कारखान्याचा सिरीयल नंबर, तुमच्या मॉडेलचा १७२ ने सुरू होतो. तो डेटा प्लेटवरून स्वतः उतरवून घ्या, रजिस्ट्रेशनवरच्या आणि लॉगबुकावरच्या नंबराशी ताडून बघा, आणि आधी कधी वेगळा एन-नंबर होता का ते कळलं की तो नंबरही शोधा.

आता मालकीचं. साइटवर दिसतो तो फक्त आत्ताचा मालक, आणि २०२५ पासून तर खासगी मालकांना आपलं नाव-पत्ता साइटवरून काढून घ्यायची विनंती करता येते त्यामुळे तेही दिसेलच असं नाही. पूर्ण फाइल ओक्लाहोमा सिटीच्या एफएए रजिस्ट्रीत असते आणि ती कोणालाही मागवता येते. दहा डॉलरची सीडी मिळते. त्यात दोन भाग असतात, एक रजिस्ट्रेशनचा म्हणजे पहिल्या विक्रीपासूनची सगळी बिल ऑफ सेल, बँकांचे बोजे, ते उतरल्याचे कागद, आणि दुसरा एअरवर्दिनेसचा (उडण्यायोग्यतेचा) म्हणजे फॉर्म ३३७, ज्यावर मोठ्या दुरुस्त्या आणि मोठे बदल नोंदवले जातात. लाखभर डॉलरच्या आसपासची वस्तू घेताना लोक ही दहा डॉलरची सीडी मागवत नाहीत याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

रजिस्ट्रेशनचा भाग म्हणजे आपल्याकडचा सातबारा आणि फेरफार समजा. कोणाच्या नावावर होतं, कोणी बोजा चढवला, तो उतरला का, हे कळतं. जमीन कशी कसली ते कळत नाही. बोज्याचं एक आठवणीने बघा, ऐंशीच्या दशकात कोणीतरी कर्ज काढलेलं असतं, फेडलेलंही असतं, पण रिलीजचा कागद रजिस्ट्रीत कोणी पाठवलेलाच नसतो आणि ती बँक आता दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते. हे पैसे देण्याआधी मिटवायचं, नंतर नाही. ओक्लाहोमा सिटीत टायटल सर्च आणि एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणं) करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडून रीतसर करून घ्या.

नावांची यादी किती फसवी असते याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देतो. जॉन एफ. केनेडी ज्युनियर ज्या विमानात गेले ते पायपर साराटोगा १९९५ चं होतं. एनटीएसबीच्या रिपोर्टमध्ये त्याची मालकी दिलेली आहे आणि ती वाचताना डोकं गरगरतं: डीलर, फायनान्स कंपनी, मध्ये न्यू जर्सीचा एक पायलट, परत डीलर, आणि २८ एप्रिल १९९९ या एकाच तारखेला कागदोपत्री अनेक हात बदलून शेवटी केनेडींच्या कंपनीच्या नावावर. चार वर्षांच्या विमानाला एवढे मालक बघून कोणालाही वाटेल की काहीतरी गडबड असणार. गडबड काहीच नव्हती, विमानांच्या धंद्यात ट्रेड-इन आणि लीजचे व्यवहार असेच होतात. १६ जुलै १९९९ च्या रात्री ते मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रात पडलं, त्याची तपासणी झाली तेव्हा पडण्याआधी काही मेकॅनिकल बिघाड झाल्याचा पुरावा मिळाला नाही. अंधाऱ्या, धूसर रात्री पाण्यावरून उतरताना पायलटचं दिशाभान हरपलं आणि विमानावरचा ताबा गेला, हे कारण ठरलं. मालक भरपूर, विमान ठणठणीत.

आता याच्या अगदी उलट. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडात डेटोना बीचला एम्ब्री-रिडल युनिव्हर्सिटीचं पायपर अॅरो टच-अँड-गो (धावपट्टीला टेकून लगेच पुन्हा उडणं) करून वर चढत होतं आणि डावा पंख तुटून वेगळा झाला. विद्यार्थी पायलट आणि परीक्षक दोघंही गेले. हे विमान २००७ चं, म्हणजे तुमच्या विमानापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी तरुण, नामांकित शाळेचं, कागदपत्रं चोख. पंखाच्या मुख्य स्पारला (पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या दांड्याला) बोल्टच्या भोकापाशी फटीग क्रॅक (वारंवार ताण येऊन पडलेली भेग) होता, बाहेरून डोळ्यांना न दिसणारा. रोजच्या रोज शिकाऊ लोकांची लँडिंगं, कमी उंचीवरचे हिसके, त्यातून तो वाढत गेला.

त्यानंतर एफएएने जो एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) काढला, २०२०-२६-१६, तो आमच्यासारख्यांनी मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. त्यात नुसते एकूण तास धरत नाहीत. लॉगबुकात १०० तासांच्या इन्स्पेक्शनच्या नोंदी किती आहेत ते मोजायचं, कारण १०० तासांची तपासणी भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या किंवा पैसे घेऊन शिकवायला दिलेल्या विमानालाच लागते, म्हणजे तेवढे तास ते विमान कष्टाने वापरलं गेलं. ते तास पूर्ण धरायचे आणि उरलेल्या खासगी तासांना १७ ने भागायचं. म्हणजे त्या पंखाच्या दृष्टीने शाळेतला एक तास हा खासगी मालकाच्या सतरा तासांएवढा. आणि लॉगबुकं हरवलेली किंवा अर्धवट असतील तर ते विमानही या एडीच्या कक्षेत येतं. हा एडी पायपरचा आहे, तुमच्या सेसनाला लागू नाही, रचनाच वेगळी आहे. पण विमान कोणाच्या नावावर होतं यापेक्षा ते कोणी, कशासाठी आणि कुठे वापरलं हा खरा इतिहास, हे एफएएने तिथे चक्क गणितात मांडलंय.

म्हणून सीडी आली की त्या पाच मालकांची नुसती नावं वाचू नका. प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि तारखा एका कागदावर मांडा आणि शेजारी लॉगबुकातले तास लिहा. फ्लाइंग स्कूल होतं का? क्लब होता का? बँकेचं नाव आलं असेल तर विमान जप्त झालं होतं का आणि त्या काळात ते कुठे उभं होतं? पत्ता गॅल्व्हेस्टन किंवा कॉर्पस क्रिस्टीचा असेल तर खारा वारा, अॅरिझोनाचा असेल तर कोरडी हवा, पण उन्हाने तडकलेलं प्लास्टिक आणि रबर. पत्ता माणसाचा असतो, विमान भलतीकडेच असू शकतं, म्हणून अॅन्युअलवर सही करणाऱ्या मेकॅनिकचा शिक्का बघा, त्यावरून बहुतेक वेळा कुठल्या एअरपोर्टचं शॉप ते कळतं. खाऱ्या हवेतलं विमान असेल तर सीटखालचं फ्लोअर उघडून, टेलकोनमध्ये शिरून, पंखांच्या इन्स्पेक्शन प्लेट काढून गंज बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

तास भागिले वर्षं हा हिशोब तर कराच. लोकांना कमी तासांचं विमान आवडतं, मला उलट त्याची जास्त काळजी वाटते. दहा-दहा वर्षं हँगरमध्ये उभं राहिलेलं विमान, वर्षाला पाच-सात तास उडालेलं, दिसायला चकाचक, आणि इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गंजलेला. लायकमिंग म्हणजे तुमच्या विमानाच्या इंजिनाची कंपनी, तिच्या इंजिनात कॅम क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला असतो, इंजिन बंद पडून राहिलं की ऑइल खाली निथळतं आणि कॅम कोरडा पडतो. लायकमिंग स्वतः ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्यासाठी) तासांबरोबर १२ वर्षांची मुदतही सांगते ती उगाच नाही. जाहिरातीत 'फक्त ९०० तास झालेत ओव्हरहॉल होऊन' असं वाचलं की मी आधी ओव्हरहॉलची तारीख विचारतो.

तुमच्या मॉडेलला हे दुप्पट लागू आहे. १७२ एन मध्ये कारखान्यातून आलेलं इंजिन ओ-३२०-एच२एडी, १६० हॉर्सपॉवरचं. त्याला सुरुवातीपासून कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणारे भाग) झिजण्याचा त्रास होता. एडी ८०-०४-०३ प्रमाणे त्यात लायकमिंगचं एक ठराविक अॅडिटिव्ह घालावं लागतं, नाहीतर ते आधीच मिसळलेलं मान्य ऑइल वापरावं लागतं, उदाहरणार्थ एअरोशेल १५डब्ल्यू-५०. तर इंजिनचं लॉगबुक घ्या आणि फक्त ऑइल चेंजच्या नोंदी वाचत जा. दर वेळी अॅडिटिव्हचं किंवा त्या ऑइलचं नाव लिहिलेलं आहे का? लिहिणारा मेकॅनिक बदलला की ते गायब होतं का? या एका गोष्टीवरून त्या विमानाची निगा कशी राखली गेली ते तुम्हाला मेकॅनिक न बोलावता घरबसल्या कळेल. अर्थात बऱ्याच जणांनी हे इंजिन काढून १८० हॉर्सपॉवरचं बसवलंय, तसं असेल तर त्याचा एसटीसी (अशा बदलाला एफएएची मंजुरी) आणि फॉर्म ३३७ फाइलमध्ये हवाच.

आता 'नो डॅमेज हिस्ट्री'. या शब्दांना कायद्यात काही व्याख्या नाही. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, त्याला खरोखरच माहीत नसतं कारण त्याने विमान पाचव्या हाताने घेतलेलं असतं. एका १७२ च्या लॉगबुकात मला एकाच तारखेच्या तीन ओळी मिळाल्या होत्या. नोज गिअरचा फोर्क बदलला. इंजिन माउंट बाहेर पाठवून दुरुस्त करून आणला. प्रॉप काढून दुसऱ्या सिरीयल नंबरचा बसवला. का, ते कुठेच नाही. मेकॅनिकने काय काम केलं ते लिहायचं असतं, का करावं लागलं ते लिहायची नियमात सक्ती नाही. मी काउलिंग उघडलं, टॉर्च फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) खालच्या भागावर तिरका धरला, समोरून धरला तर दिसत नाही, आणि पत्र्यात बारीक लाट दिसली. खालच्या ओळीतले चार-पाच रिव्हेट बाकीच्यांसारखे भरीव नव्हते, मधोमध खळगा असलेले ब्लाइंड रिव्हेट होते. ते विमान कधीतरी नाकावर जोरात आपटलं होतं आणि फायरवॉल वाकलं होतं. १७२ ची ही नेहमीची दुखापत आहे, वेग जास्त ठेवून जबरदस्तीने टेकवलं की उड्या मारतं आणि नाकावर येतं. सरकारी डेटाबेसमध्ये त्याचा मागमूस नव्हता आणि फॉर्म ३३७ सुद्धा नव्हता.

दुरुस्ती नीट झालेली असेल तर असलं विमान घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. चाळीस-पन्नास वर्षांत विमानाला एकदाही काही झालं नाही हेच दुर्मिळ. दुरुस्ती कशी झाली हे महत्त्वाचं. प्रॉप जमिनीला लागला असेल तर नंतर इंजिन उघडून बघितलं का? लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ५३३ तसं सांगतं. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, प्रॉप स्ट्राइकनंतर क्रँकशाफ्ट गिअर तपासायचा जो एडी आहे, २००४-१०-१४, त्यातून ओ-३२० एच सिरीज वगळलेली आहे. त्यामुळे विकणारा 'एडी लागू नाही' म्हणाला तर तो बरोबर बोलतोय, पण म्हणून क्रँकशाफ्ट ठीक आहे असं होत नाही. टिअरडाउनचा म्हणजे इंजिन उघडून तपासल्याचा कागद मागा. नसेल तर किंमत त्या हिशोबाने बोला किंवा सोडून द्या.

पंखाचंही असंच. पत्रा कापून, रिव्हेट मारून मोठी दुरुस्ती केली तर फॉर्म ३३७ लागतो. पण सॅल्व्हेज यार्डातून अख्खा पंख आणून बोल्टने जोडला तर लॉगबुकात एका ओळीची नोंद पुरते, ओक्लाहोमाला काही जात नाही. म्हणून 'रिप्लेस्ड लेफ्ट विंग विथ सर्व्हिसेबल' अशी ओळ दिसली की तो पंख कुठल्या सिरीयलच्या विमानाचा, आणि त्या विमानाचं काय झालं होतं, हे विचारा.

सीट रेल विसरू नका. सेसनाच्या सीटची पिन रेलच्या झिजलेल्या भोकातून निसटते आणि टेकऑफला नाक वर झालं की सीट मागे सरकते, पायलट आधारासाठी योक (विमानाचं स्टिअरिंग) धरून ओढतो आणि विमान स्टॉल होतं म्हणजे पंखांची उचल जाते. माणसं गेलीत यात. एडी २०११-१०-०९ यासाठीच आहे, दर अॅन्युअलला त्याची नोंद हवी, आणि नोंद असली तरी स्वतः सीटवर बसून पुढेमागे हिसका देऊन बघा.

लॉगबुकांबद्दल एक कायदेशीर गोष्ट फार जणांना माहीत नसते. नेहमीच्या दुरुस्त्यांच्या नोंदी मालकाने वर्षभर किंवा ते काम पुन्हा होईपर्यंत ठेवल्या की नियमाने पुरतं. एकूण तास, एडींची स्थिती, मोठ्या बदलांच्या ३३७ च्या प्रती हे मात्र विमानाबरोबर नव्या मालकाला द्यावं लागतं. म्हणजे १९८० च्या दशकातलं लॉगबुक नाही म्हणून विमान बेकायदा ठरत नाही, पण त्या काळात काय झालं ते कायमचं अंधारात राहतं, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचाही हेच विचारणार. 'पुरात गेली', 'चोरीला गेली' ही कारणं खरी असतात कधी कधी. तरी किंमत खऱ्या कारणानेही तेवढीच उतरते.

तिघांच्या नावाचं. इथे मात्र घाई करू नका. एफएएकडे व्यक्तीच्या नावावर रजिस्टर करायला सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं, एच-१बी वाल्याचं नाव सहमालक म्हणून घातलं तर रजिस्ट्रेशनच टिकत नाही, आणि रजिस्ट्रेशन अवैध ठरलं तर इन्शुरन्स कंपनी काय करेल ते सांगायला नको. एलएलसी काढून सुटेल असं वाटतं पण सिटिझन कंपनी ठरायला ७५ टक्के मतदानाचा हक्क आणि व्यवस्थापनातले दोन तृतीयांश लोक सिटिझन लागतात, तुमच्यात सिटिझन एकच आहे. सिटिझन नसलेल्या कॉर्पोरेशनचाही एक मार्ग आहे, त्यात ६० टक्के उड्डाणाचे तास अमेरिकेत झाले पाहिजेत आणि त्याचा हिशोब ठेवावा लागतो. बरेच जण ओनर ट्रस्ट करतात, रजिस्ट्रीत ट्रस्टीचं नाव लागतं आणि तुम्ही तिघे बेनिफिशियरी. हे एव्हिएशनच्या वकिलाकडून करून घ्या. अशा ट्रस्टींची नावं रजिस्ट्रीत सर्रास दिसतात, तुमच्या पाच मालकांतही एखादा ट्रस्ट असेल तर त्यामागे कोण उडवत होतं ते लॉगबुकावरूनच शोधावं लागेल.

प्री-बाय कोणाकडून करायची तर ज्या शॉपने ते विमान कधी सांभाळलेलं नाही त्याच्याकडून. प्री-बायला एफएएची ठरलेली व्याख्या नाही, काय काय बघायचं ते तुम्ही लिहून द्यायचं. बोरस्कोपने (आत सोडायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडर, ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का, फायरवॉल, सीट रेल, गंज, आणि एडींची यादी एकेक करून. पण शॉपला पैसे देण्याआधी सगळ्या लॉगबुकांच्या प्रत्येक पानाचे फोटो मागवा, पहिल्या पानापासून. विकणारा शेवटच्या दोन वर्षांचीच पानं पाठवत असेल आणि बाकीची 'इथे येऊन बघा' म्हणत असेल तर जा आणि बघा, पण डिपॉझिट तोपर्यंत देऊ नका. आणि फोटो आले की ३३७ ची यादी एका बाजूला ठेवून तारखेने ताडत जा, जिथे प्रॉपचा सिरीयल नंबर बदलला असेल तिथे खूण करा, त्या पानापासून मेकॅनिकला सुरुवात करायला सांगा.